हँगर उभं राहिलं, त्यात काम करणारे हात कुठून आणायचे? (नागपूर, मिहान आणि विमानदुरुस्ती)

धावपट्टी३२

नमस्कार मंडळी. विमानदुरुस्तीत मला आता सव्वीस वर्षं झाली. पहिली पंधरा मुंबईत गेली, नंतरची नागपूरला. लग्नाकार्यात भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "मिहानमध्ये एवढी मोठी हँगर उभी आहेत, मग आपली विमानं दुरुस्तीला सिंगापूर आणि अबू धाबीला का जातात?" (मिहान म्हणजे नागपूर विमानतळालगतचा उद्योग आणि मालवाहतुकीचा प्रकल्प.) उभ्या उभ्या दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी कामाचे प्रकार. विमान उतरलं, प्रवासी उतरले, पुढच्या उड्डाणाआधी चाकं-ब्रेक-तेल पाहिलं, वैमानिकाने लॉगबुकात लिहिलेला स्नॅग म्हणजे बिघाड काढला, याला लाइन मेंटेनन्स म्हणतात. हे काम आपल्याकडे पूर्वीपासून आपलेच लोक करतात. दुसरं बेस मेंटेनन्स, म्हणजे विमान काही दिवस किंवा काही आठवडे हँगरमध्ये घेऊन उघडायचं. सी-चेक, ए-३२० चे ६ आणि १२ वर्षांचे मोठे चेक यात येतात. ए-३२० सारख्या अरुंद, म्हणजे मधे एकच वाट असलेल्या विमानांचं हे काम आता देशात बरंच होतं. तिसरं इंजिन. चौथं सुटे घटक: लँडिंग गिअर, एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन), फ्युएल कंट्रोल, हजार प्रकारचे डबे आणि व्हॉल्व्ह. बाहेर जाणारा पैसा मुख्यतः या शेवटच्या दोन खात्यांत जातो. लोकांना दिसतं ते विमान. आत डोकावलं तर इंजिन परदेशातून दुरुस्त होऊन आलेलं असतं आणि लँडिंग गिअरही.

आता मिहानची गोष्ट. २००६ च्या सुरुवातीला एअर इंडियाने बोइंगला ६८ विमानांची ऑर्डर दिली. त्या सौद्याचा भाग म्हणून बोइंगने भारतात दुरुस्ती केंद्र बांधून द्यायचं ठरलं. जागा नागपूरची निघाली. दोन प्रचंड हँगर उभी राहिली, पण ती धावपट्टीला जोडणारा टॅक्सीवे रखडला. विमानाला हँगरपर्यंत चालत जाता येत नसेल तर त्या इमारतीचा काय उपयोग? केंद्र प्रत्यक्ष सुरू व्हायला २०१५ उजाडलं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, पण हे केंद्र चालवणारी एआयईएसएल ही कंपनी सरकारकडेच राहिली. म्हणजे ज्या विमानकंपनीसाठी हँगर बांधली, तिचा आणि त्यांचा मालक वेगळा झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण नेहमी इमारतीचं भूमिपूजन करतो, आणि दुरुस्ती मात्र माणूस, हत्यार आणि सुटा भाग या तिघांवर चालते. तिघांपैकी एक जरी जागेवर नसला तरी विमान अडकून पडतं.

एक प्रसंग सांगतो. मोठा चेक चालू होता. खुर्च्या, गॅली, टॉयलेट सगळं बाहेर काढलेलं. जमिनीची पॅनेलं उचलली की खाली फ्लोअर बीम दिसतात. गॅली आणि टॉयलेटखालच्या बीमकडे आमची नजर आधी जाते, कारण बारा वर्षं तिथे चहा, कॉफी, बर्फाचं पाणी आणि टॉयलेटची गळती झिरपत असते. टॉर्च मारला. रंगाला फुगवटा होता. प्लास्टिकच्या स्क्रेपरने हलकं खरवडलं तर खालून पांढरी भुकटी निघाली. अॅल्युमिनिअमचा गंज असाच पांढरा असतो. मग तो घासून काढायचा, किती जाडी गेली ते मोजायचं आणि स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडायचं. आम्ही मर्यादेत होतो. दुरुस्ती दोन दिवसांची. पण शेवटी लावायचं सीलंट हाती नव्हतं. या सीलंटला आयुष्य असतं, डब्यावर तारीख छापलेली असते आणि ठरलेल्या तापमानातच ते ठेवावं लागतं. आमची खेप परदेशातून येऊन सीमाशुल्काच्या गोदामात कागदांसाठी अडली. कागद सुटले तेव्हा तारीख उलटून गेली होती. नवी खेप मागवली. दोन दिवसांच्या कामासाठी विमान नऊ दिवस जॅकवर राहिलं. आमच्या पोरांनी त्यांच्या हातचं काम वेळेत आणि चोख केलं होतं, म्हणून ते नऊ दिवस मला आजही टोचतात.

---

हिशोबनीस

दादा, करांचा भाग मी जोडतो. कित्येक वर्षं या धंद्याचा गळा करानेच आवळला होता. भारतात दुरुस्ती करून घेतली तर जीएसटी १८ टक्के आणि विमान बाहेर पाठवलं तर प्रत्यक्षात ५ टक्के. कोलंबोला विमान उडवत न्यायचं इंधन धरूनही बाहेरचं काम स्वस्त पडायचं. एप्रिल २०२० पासून देशातल्या कामावरचा दर ५ टक्के झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये नवं धोरण आलं. विमानतळावरची जमीन खुल्या निविदेने आणि ३० वर्षांसाठी द्यायची, विमानतळ प्राधिकरणाची रॉयल्टी बंद. आधी जागेचं भाडं वेगळं आणि उलाढालीवर रॉयल्टी वेगळी असायची.

जुलै २०२४ मध्ये सुटे भाग, हत्यारं, चाचणी उपकरणं या सगळ्यांवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागू झाला. त्याआधी एकाच खोक्यातल्या तीन वस्तूंना तीन दर लागायचे आणि वाद व्हायचे. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात दुरुस्तीसाठी आणलेला माल परत पाठवण्याची मुदत सहा महिन्यांवरून एक वर्ष केली. हे वाचताना किरकोळ वाटतं, पण परदेशी विमानकंपनीचं काम इथे घ्यायचं तर ही मुदत फार महत्त्वाची.

म्हणजे कराचं रडगाणं आता बरंचसं संपलं आहे. आजही काम बाहेर जात असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

---

कलिना_वाकोला

हा धागा वाचून गलबलून आलं. माझे बाबा एअर इंडियाच्या इंजिन ओव्हरहॉल शॉपमध्ये होते. आमचं सगळं लहानपण कलिन्यात गेलं. १९७१ साली पहिलं जम्बो आलं, त्यानंतर त्या इंजिनांचं काम मुंबईत होऊ लागलं. बाबा रात्रपाळीहून आले की त्यांच्या हातांना तेलाचा एक विशिष्ट वास यायचा, साबणाने कधी गेला नाही. टर्बाइनची पाती ते कापडात गुंडाळलेल्या बाळासारखी धरायचे, असं त्यांचे सहकारी सांगत.

मला सांगायचं ते हे, की ही विद्या आपल्याला नवी नाही. जम्बोची इंजिनं उघडून, बांधून, टेस्ट सेलवर चालवून पाहणारे कारागीर सांताक्रूझ, वाकोला, कुर्ला, चेंबूरच्या चाळींमधून कामावर जात होते. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी तेवढे हात घेतले गेले नाहीत. विमानं नवी आली, इंजिनं नवी आली, तसा करार इंजिन बनवणाऱ्या कंपनीशी होऊ लागला: उडालेल्या तासांप्रमाणे पैसे भरा, दुरुस्तीचं आम्ही बघतो. दुरुस्ती तेव्हापासून त्यांच्या शॉपमध्ये जाऊ लागली. इथली विद्या अशी हळूहळू विरली.

---

ओझरकर

आमच्या नाशिकबद्दल लिहायलाच हवं. ओझरला एचएएलचा कारखाना मिग-२१ साठी उभा राहिला, पुढे सुखोई-३० तिथे बनली आणि तिची ओव्हरहॉलही तिथे होते. शेजारीच हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. लढाऊ विमान शेवटच्या रिव्हेटपर्यंत सोडवून परत बांधणारी माणसं निफाड, दिंडोरी, पिंपळगावची आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये एचएएल आणि एअरबसचा करार झाला, ए-३२० कुटुंबातल्या विमानांची दुरुस्ती नाशिकला व्हावी म्हणून.

पण लष्करी कामातून नागरी कामात येताना काय अडतं ते जवळून पाहिलं आहे. हाताच्या कौशल्यात अडत नाही, कागदात अडतं. तिकडे मालक एकच, हवाई दल. नियमही त्यांचे, तपासणीही त्यांची. नागरी विमानात प्रत्येक बोल्ट कुठल्या बॅचचा, कुठल्या प्रमाणपत्राने आला, कोणत्या टास्क कार्डवर कोणी लावला, कोणत्या टॉर्क रेंचने आवळला आणि त्या रेंचचं कॅलिब्रेशन कधी संपतं, हे सगळं दहा वर्षांनी विचारलं तरी सापडायला हवं. हत्यार उत्तम आहे पण कॅलिब्रेशनची तारीख कालच गेली, तर आजचं काम धरलं जात नाही. जुन्या कारागिरांना सुरुवातीला हा अपमान वाटतो. वर्षभर काम केलं की तेच नव्या मुलांना रागवतात.

---

सरळ_प्रश्न

सगळ्यांच्या भावना समजतात. पण मला पटत नाही ते विचारतो. प्रत्येक देशाने प्रत्येक गोष्ट स्वतः करायचीच का? सिंगापूर हे काम कित्येक दशकं करतं आहे, दर्जा सिद्ध झालेला आहे. आपल्याकडे मजुरी स्वस्त म्हणून काम आपोआप येईल हे गृहीत धरून करदात्यांच्या पैशातून हँगर बांधायची आणि ती अर्धी रिकामी ठेवायची, यापेक्षा विमानकंपन्यांना जिथे परवडतं तिथे जाऊ द्यावं. मी प्रवासी आहे. मला सुरक्षित विमान हवं, ते कुठे दुरुस्त झालं याने काय फरक पडतो?

---

धावपट्टी३२

@सरळ_प्रश्न, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि अर्ध्या भागात मी तुमच्याच बाजूने आहे.

मजुरीचं आधी. बेस चेकमध्ये हजारो मनुष्यतास लागतात, तिथे आपल्या मजुरीचा फायदा खरा आहे. इंजिनात तसं नाही. इंजिन ओव्हरहॉलच्या बिलात मोठा वाटा नव्या पात्यांचा, डिस्कचा, सीलचा असतो आणि ते भाग बनवणारा ठरवेल त्या किमतीत येतात. फिटरचा पगार निम्मा असला तरी बिल निम्मं होत नाही. म्हणून इंजिनाचं शॉप आपल्या हिमतीवर उघडून चालत नाही, इंजिन बनवणाऱ्यालाच इथे यावं लागतं. हैदराबादला साफ्रान या फ्रेंच इंजिन कंपनीने लीप इंजिनांचं दुरुस्ती केंद्र उभारलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं. पूर्ण क्षमतेला वर्षाला ३०० इंजिनं घेण्याची योजना आहे. ते आले कारण लीप इंजिनांची विमानं आपल्याकडे शेकड्यांनी आहेत आणि त्याहून जास्त येणार आहेत. गिऱ्हाईक दारात असताना दुकान दुसऱ्या गावात का ठेवायचं, असा तो सरळ व्यवहार आहे.

आता "कुठे दुरुस्त झालं याने काय फरक पडतो" याबद्दल. २०२३ आठवा. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांचा घोळ झाला, शॉपमध्ये रांगा लागल्या, इंजिनं मिळेनात. गो फर्स्टने त्या मे महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कारण म्हणून हीच इंजिनं पुढे केली. इंडिगोची कितीतरी विमानं इंजिनाविना उभी राहिली. दुरुस्ती जगातल्या मोजक्या शॉपमध्ये, तिथला क्रम त्यांच्या हातात. विमानतळावर काऊलिंग (इंजिनावरचं आवरण) उघडी, इंजिनाच्या जागी पिवळं वजन टांगलेलं विमान पाहिलं की पोटात कालवतं. त्या विमानाचं भाडं रोज चालू असतं.

भाड्यावरून आठवलं. आपली बहुतेक विमानं भाडेपट्ट्यावरची आहेत. मालक आयर्लंडमध्ये किंवा आणखी कुठे. करार संपला की तो म्हणतो, मला ईआसाच्या, म्हणजे युरोपच्या विमानसुरक्षा नियामकाच्या, मान्यतेचा शिक्का असलेल्या दुरुस्ती केंद्राची सही हवी. फक्त डीजीसीएची, म्हणजे आपल्या नागरी विमान नियामकाची, मान्यता असेल तर परत देतानाचा मोठा चेक इथे करता येत नाही. आपल्याकडच्या ज्या केंद्रांनी ही मान्यता मिळवली आणि टिकवली, त्यांची हँगर भरलेली असतात.

तुमचं कुठलं म्हणणं मला मान्य आहे? हँगर आधी आणि काम मागून, हा क्रम चुकीचा. टॅक्सीवेसाठी थांबलेली इमारत मी रोज पाहत होतो.

---

अदिसहून_परत

मी आठ वर्षं इथिओपियात होतो, पाण्याच्या प्रकल्पावर. विमानाशी थेट संबंध नाही, पण शेजारी इथिओपियन एअरलाइन्सचे तंत्रज्ञ राहायचे, त्यामुळे बरंच कानावर पडलं. आपल्याहून किती गरीब देश, तरी या एका बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

त्यांची विमानकंपनी १९४५ साली अमेरिकेच्या टीडब्ल्यूए या विमानकंपनीशी करार करून निघाली. एप्रिल १९४६ मध्ये पहिलं उड्डाण कैरोला. सुरुवातीला वैमानिक, मेकॅनिक, व्यवस्थापक सगळे अमेरिकन. पण त्यांच्या जागी आपली माणसं तयार करायची, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं आणि ते त्यांनी हळूहळू पार पाडलं. आज अदिस अबाबाच्या बोले विमानतळावर त्यांचा दुरुस्ती तळ आहे, अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकाची मान्यता आहे आणि आफ्रिकेतल्या इतर देशांची विमानं तिथे कामाला येतात. त्याच आवारात प्रशिक्षण अकादमी. माझा शेजारी तिथेच शिकला, तिथेच लागला आणि मी निघालो तेव्हा दुसऱ्या देशातून आलेल्या मुलांना शिकवत होता.

तिथे विमानकंपनी, हँगर आणि शाळा एकाच छताखाली. सरकारं बदलली, क्रांती झाली, दुष्काळ आले, तरी ही साखळी तुटू दिली नाही. धागाकर्त्याने लिहिलंय की आपल्याकडे विमानकंपनी आणि हँगर यांचे मालक वेगळे झाले. ते वाचताना मला हा फरक फार जाणवला.

---

झिरोमाइल

मी नागपूरचाच. विषय थोडा वेगळ्या वळणावर नेतो, राग मानू नका. मुलगी बारावी सायन्सला आहे. तिच्या डोक्यात एअरक्राफ्ट मेंटेनन्सच बसलं आहे, रोज तेच वाचून राहिली. दोन संस्थांत जाऊन आलो. फी ऐकून छाती दडपली. एक जण म्हणतो शंभर टक्के नोकरी. शेजारचा मुलगा हाच कोर्स करून मोबाईलच्या दुकानात काम करून राहिला. धावपट्टी दादा, खरं काय ते सांगा. मुलगी आहे म्हणून घरातले मोठे लोकही विरोध करून राहिले.

---

धावपट्टी३२

दादा, राग कशाला? मला तर याच प्रश्नाचं जास्त मोल वाटतं.

कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे, हे आधी मनात पक्कं करा. डीजीसीएच्या परीक्षेची मॉड्यूलं वेगळी द्यावी लागतात. मग मान्यताप्राप्त दुरुस्ती संस्थेत प्रत्यक्ष कामाची वर्षं, लॉगबुकात प्रत्येक कामाची नोंद. तेव्हा लायसन्स. त्यापुढे ज्या विमानावर सही करायची त्याचं टाइप रेटिंग. शेजारचा मुलगा बहुधा या मधल्या खाईत पडला. कोर्स झाला, प्रत्यक्ष कामाला कुणी घेतलं नाही.

म्हणून संस्थेत गेलात की दोनच गोष्टी विचारा. डीजीसीएची सीएआर-१४७ मान्यता कोणत्या शाखेसाठी आहे ते कागद पाहून घ्या, आणि प्रात्यक्षिकासाठी मुलं कोणत्या चालू हँगरमध्ये जातात, किती महिने, ते विचारा. आवारात एक जुनं विमान उभं करून फोटो काढणारी संस्था आणि मुलांना चालू चेकवर पाठवणारी संस्था यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दुसरा रस्ता नागपूरच्या शासकीय आयटीआयचा. दासो या फ्रेंच विमान कंपनीच्या सहभागाने तिथे विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा ट्रेड सुरू आहे. रिव्हेटिंग, शीटमेटल, सीलिंग हाताने शिकवतात. त्या हातांना मागणी आहे.

---

अबोली_बी२

झिरोमाइल काका, मी एव्हिऑनिक्सची (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची) लायसन्सधारक इंजिनिअर, सध्या आखातात. मूळ सांगलीची.

मुलगी म्हणून अडेल असं काही नाही. विमानात कितीतरी जागा अशा असतात की सडसडीत माणूसच आत शिरू शकतो. रात्रपाळी आहे, ऊन आहे, रॅम्पवर मे महिन्यात पंखाखाली उभं राहावं लागतं. ते सगळ्यांनाच.

पण मी देश का सोडला ते धागाकर्त्यांनी वाचावं असं वाटतं. पहिली तीन वर्षं एका कंपनीत प्रशिक्षणार्थी होते. काम पूर्ण इंजिनिअरचं, पगार पीजीच्या भाड्यात संपायचा. टाइप रेटिंगचा खर्च स्वतः करा किंवा बाँड लिहून द्या, असं सांगितलं. बाँड लिहिला, निभावला आणि संपला त्या महिन्यात इथे आले. माझ्या बॅचच्या निम्म्याहून जास्त मुलामुलींनी तेच केलं. इथल्या हँगरमध्ये दुपारच्या सुट्टीत मल्याळम, तमिळ, मराठी ऐकू येतं. आपली विमानं इथे दुरुस्तीला येतात तेव्हा कित्येकदा आपलीच पोरं ती उघडतात. भारताची नोंदणी असलेलं व्हीटी अक्षरांचं विमान आत आलं की मी जाऊन त्याच्या नाकाला हात लावते.

बेंगळुरूला एअर इंडिया सिंगापूरच्या एसआयए इंजिनिअरिंगच्या साथीने मोठा तळ उभारते आहे, नागपुरात अदानींनी इंडामेर ही विमानदुरुस्ती कंपनी घेण्याचा करार केला, हे सगळं आम्ही इथे बसून वाचतो. परत यायची इच्छा आहे. पगाराएवढंच महत्त्वाचं हे की टाइप रेटिंग कंपनीने द्यावं आणि सही करणाऱ्या माणसाच्या "नाही"ला मान असावा. रात्री तीन वाजता मी विमान सोडणार नाही म्हटलं, तर सकाळी मला कुणी जाब विचारू नये.

---

धावपट्टी३२

अबोलीताई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी आमच्या शिफ्टमधल्या सगळ्यांना वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही. बराच वेळ.

---

सरळ_प्रश्न

मला माझं मत थोडं बदलावं लागतंय. हँगरला पैसा देण्याऐवजी सरकारने टाइप रेटिंगला आणि प्रत्यक्ष कामाच्या वर्षांच्या विद्यावेतनाला पैसा द्यावा, असं असेल तर करदाता म्हणून माझी हरकत नाही.

---

झिरोमाइल

सगळ्यांचे आभार. कालची गोष्ट सांगतो.

हँगरमध्ये बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणून धावपट्टी दादांनी रविवारी आम्हाला घरी बोलावलं. जेवणाच्या टेबलावर एक लोखंडी पट्टी, तिला दोन बोल्ट, डोक्याला आरपार भोकं पाडलेली. बारीक तार आणि एक पक्कड. म्हणाले, "इंजिनाच्या थरथरीने बोल्ट सुटू नये म्हणून ही लॉकवायर. एका बोल्टमधून ओवायची, पीळ देत दुसऱ्यापर्यंत न्यायची. इंचाला सहा ते आठ पीळ. कमी झाले तर सैल, जास्त झाले तर तार तुटते."

मुलीने पहिल्यांदा केलं ते दिसायला सुंदर होतं. दादांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हा बोल्ट सुटायला लागला तर तुझी तार त्याला कुठे ओढेल?" तिने बोटाने बोल्ट फिरवून पाहिला. तार त्याला सुटायच्याच दिशेला ओढत होती. तिने काही न बोलता ती कापली, तुकडे मोजून वाटीत टाकले (एकही तुकडा खाली राहायला नको, हे दादांनी आधीच सांगितलं होतं) आणि परत सुरू केलं. तिसऱ्या खेपेला दादा म्हणाले, "हे मी सही करीन."

माझी आई सोबत आली होती. सगळ्यात जास्त विरोध तिचाच. तिने ती पट्टी हातात घेतली, तारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "वेणीच तर आहे ही."

पट्टी आता मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. संस्थेत उद्या परत जाऊन राहिलो, सीएआर-१४७ चा कागद पाहायला.